मैदानाची पुढची बाजू पाणी धरत नाही

आदरणीय भाऊजी,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. कंबर धरली आहे. कारण ओघात येईल.) ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. डॉक्टरांनी तुम्हाला वजन उतरवायला सांगितल्याचं ताईने कळवलं होतं. तुम्ही साखर सोडली, रात्रीचं जेवण अर्ध्यावर आणलं आणि सकाळी फिरायला जाता, हे वाचून मला फार काळजी वाटली. ज्या माणसाच्या पावलांनी जिना बोलतो त्याने उगाच हलकं का व्हावं? पण त्याबद्दल शेवटी लिहीन. आम्ही सगळे बरे आहोत. 'बरे' हा शब्द शिष्टाचार म्हणून वापरला आहे. खरं सांगायचं तर तुमच्या खात्याने भर गावात माझी अब्रू घेतली आहे, आणि तीही रंगीत.

तुम्ही मुख्य कचेरीत बसून नकाशे तपासता. कुठली जमीन भाताला योग्य, कुठली काठावर, कुठली अयोग्य, हे हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या रंगात तुमच्या टेबलावरून जातं. तुम्ही चहा पिता पिता त्यावर सही करता. तांबड्या रंगाखाली कोणाचं काळीज आहे, याचा विचार त्या टेबलावर कधी होतो का? नाही! पण मुद्द्यावर येतो.

आमच्या गावचं पाणी तुम्हाला ठाऊक आहे. ताईला बघायला आलात तेव्हा हात धुवायला तुम्हाला अर्धा पेला मिळाला होता आणि तुम्ही तो पिऊन टाकलात. अशा गावात भात लावणार असं तुमच्या खात्याने कळवलं तेव्हा लोक पोट धरून हसले. मी हसलो नाही, मी वाचलं. (या गावात वाचणारा मी एकटा आहे, हे मी अभिमानाने नव्हे, संतापाने लिहितो आहे.) भाताला सदोदित गुडघाभर पाणी लागतं ही समजूत चुकीची आहे, शेत एकदा भरायचं, मग आटू द्यायचं, छिद्रं पाडलेली नळी जमिनीत पुरून आत पाणी किती खाली गेलं ते बघायचं आणि वीतभर उतरलं की पुन्हा भरायचं, एवढ्यावर पीक उभं राहतं, हे सगळं मी समजून घेतलं. अट एकच. जमीन सपाट हवी, खारट नको, आणि ओतलेलं पाणी तिने धरून ठेवायला हवं. आणि जिथे चाचणीचं शेत होणार तिथवर तलावापासून पाइप येणार, वाटेत सगळ्या गावाला तोट्या मिळणार. अशी जमीन आमच्याकडे सलग मिळाली नाही तर पाइप टेकडीपलीकडच्या गावाला जाणार. म्हणजे त्या गावाला, ज्याने मला व्याख्यानाला बोलावून ऐन वेळी दिवे बंद केले होते.

तेव्हा मी आमच्या मैदानातल्या मातीच्या ओट्यावर उभा राहिलो. हा ओटा तुम्ही पाहिला आहे. गेली पंचवीस वर्षं दर आठवड्याला संध्याकाळी मी त्यावरून बोलतो आहे: गटारांवर, ग्रंथालयावर, ग्रहताऱ्यांवर, रस्त्यावर थुंकण्यावर. त्या दिवशी तीन तास बोललो. शेवटी म्हणालो, "गावातली सर्वांत योग्य जमीन ज्याची निघेल त्याने ती हसतमुखाने द्यावी! जो कुरकुर करेल तो गावाचा शत्रू!" टाळ्या पडल्या. (मागून पडल्या. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही.)

मग तुमच्या खात्याच्या माती तपासणाऱ्या बाई आल्या. हडकुळ्या, उन्हाने रापलेल्या, आणि कोणाच्याही तोंडावर खरं बोलण्याची वाईट सवय असलेल्या. त्यांच्याकडे एक लोखंडी कडं आहे. ते जमिनीत ठोकायचं, त्यात पाणी ओतायचं आणि ते जिरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचं. त्या कड्याभोवती गाव गोळा झालं. सर्वांत आधी मी माझं शेत पुढे केलं (पुढारी म्हणवतो तर पुढे नको व्हायला?). पाणी जिरण्याआधीच उतारावरून शेजाऱ्याच्या बांधात गेलं. शेरा मिळाला, 'काठावर'. आयुष्यात मला कोणी काठावर ठेवलं नव्हतं! सुताराच्या शेतात पाणी पाहुण्यांपुढच्या बिस्किटांसारखं संपलं. मास्तरांच्या शेतात पाणी राहिलं, पण माती खारट. मास्तर म्हणाले, "खारट कशी असेल?" बाई म्हणाल्या, "चाटून बघा." मास्तरांनी चाटली, आणि दिवसभर ते थुंकत राहिले. असं करत करत सगळं गाव तांबडं आणि पिवळं झालं, आणि शेवटी बाईंची नजर मैदानावर गेली.

मैदान गावाचं, म्हणून कुरकुर करायला मालक नाही. सपाट, गोड माती, खाली चिकणमातीचा थर. माझा ओटा जाणार हे मला दिसलं, पण मी स्वतःच्याच वाक्याने बांधला गेलो होतो. बाईंनी मागे, फाटकाजवळ, किटलीच्या टपरीपाशी कडं ठोकलं. (किटली म्हणजे आमचा चहावाला. त्याचं खरं नाव त्यालाही आठवत नाही.) पाणी ओतलं. पाणी हलेना! दुपार झाली, चहाच्या दोन फेऱ्या झाल्या, पाणी तसंच चकाकतंय. बाई खूश.

"इथे गुरांचा बाजार भरायचा का हो?" त्यांनी विचारलं.

"सभा भरायची," मी ताठ मानेने सांगितलं.

"वा! वर्षानुवर्षं पायांनी तुडवून माती कशी घट्ट बसलीये. झिरपायला वावच नाही."

भाऊजी, त्या क्षणी मला जे वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही (आणि माझ्या बाबतीत ही दुर्मीळ गोष्ट आहे). माझ्या व्याख्यानांनी जमीन घडवली होती! विचारांनी माणसं बदलली नसतील, पण माती बदलली! मी तिथल्या तिथे यावर बोलायला सुरुवात करणार, तोच बाई कडं घेऊन पुढे ओट्यासमोर गेल्या. तिथे पाणी ओतलं आणि ते नाहीसं झालं. पुन्हा ओतलं. पुन्हा नाहीसं. त्यांनी मूठभर माती उचलली, ती भुसभुशीत, चाळलेल्या पिठासारखी.

"इथे तर कोणी पाऊलच ठेवलेलं दिसत नाही," बाई म्हणाल्या. "सभा मागच्या मागेच भरायची का?"

किटलीने भांडं खाली ठेवलं. "बाई, मागे उभं राहिलं की निघायला बरं पडतं."

सगळे हसले. मास्तरही हसले, खारट तोंडाने. मी शांतपणे खुलासा केला की मागे झाड आहे, लोक सावलीला थांबत असणार. बाईंनी झाडाकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं. "सभा संध्याकाळी असायची ना? संध्याकाळी त्या झाडाची सावली इथे पुढे येते." मी म्हणालो, माझा आवाज मोठा आहे, पुढे कान दुखतात. किटली म्हणाला, "हे मात्र खरं." मी म्हणालो, लोक आदराने अंतर राखतात. यावर किटली भांडं उचलून चहा गाळायला गेला, आणि ते सर्वांत वाईट होतं. शेवटी बाईंनी हौस म्हणून ओट्यावरच कडं ठोकलं. तिथे पाणी दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकलं. "गावातली सगळ्यात घट्ट माती ही," त्या कौतुकाने म्हणाल्या. "कोणीतरी इथे फार पाय आपटलेत."

आता तो नकाशा चावडीच्या भिंतीवर लागला आहे. मागचा भाग गर्द हिरवा, पुढचा तांबडा, आणि त्या तांबड्यात एकटा हिरवा ठिपका, म्हणजे मी. लोक येऊन त्यात स्वतःला शोधतात. "हा मी," सुतार बोट ठेवून दाखवतो. एका आजीने नातीला फाटकापाशी बोट टेकून सांगितलं, "हे तुझे आजोबा. फार चपळ होते, दहाव्या मिनिटाला बाहेर." मी घरी आलो आणि हिला स्पष्ट विचारलं, "तू कुठे उभी राहायचीस?" ही भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "हिरव्यात. घरी स्वयंपाक व्हायचा असायचा." पंचवीस वर्षांचा संसार, भाऊजी!

आणि खरी मेख पुढेच आहे. मैदानाची मागची बाजू एकटी चाचणीच्या शेताला पुरत नाही. पुढची धरली तर पुरते. पुढची पाणी धरत नाही, म्हणून आमचं गाव बाद आणि पाइप टेकडीपलीकडे. म्हणजे काय झालं ते लक्षात घ्या. माझं मैदान वाचलं. माझा ओटा वाचला. का वाचला? कारण मला कोणी ऐकलं नाही! माझं कोणी ऐकलं असतं तर मैदान गेलं असतं, पण गावात पाणी आलं असतं. मला आनंद व्हायला हवा, असं मास्तर म्हणाले. मी त्यांना विचारलं, जो माणूस पाण्यावर तीन तास बोलला त्याच्याच सभेतल्या रिकाम्या जागेमुळे गाव तहानलेलं राहावं, हा आनंद कुठल्या तोंडाने साजरा करायचा? असला ओटा मला नको. मला तोट्या हव्यात. त्यावर बाई म्हणाल्या की उपाय आहे. पुढची जमीन भिजवून चांगली तुडवून घेतली, तर खालची चिकणमाती साथ देईल. रस्ता दाबायचा रूळ आमच्या फाटकातून आत येत नाही. माणसांनी तुडवली तरी चालेल, म्हणाल्या, मी महिन्याने पुन्हा तपासून जाईन.

हे ऐकल्यापासून रोज पहाटे मी एकटा तिथे पाणी शिंपडून पाय आपटतो आहे. कंबर धरली ती यामुळे. माझ्या एकट्याच्या वजनाने काय होणार? ओट्याएवढी जागा घट्ट करायला मला पंचवीस वर्षं लागली.

बाकी सर्व क्षेम. राग तुमच्यावर नाही, तुमच्या कड्यावर आहे.

तुमचा,
मेहुणा

ता. क. तुम्ही मुख्य कचेरीत आहात म्हणून मी नकाशाचा रंग बदलून मागेन असं तुमच्या मनात आलं असेल तर ते काढून टाका. मी तत्त्वाचा माणूस आहे. खोट्या हिरव्यात पाणी राहत नाही.

ता. क. २. तरीपण तांबडा थोडा फिका करता येतो का, एवढं बघावं. गुलाबीसर चालेल.

ता. क. ३. येत्या सुट्टीला संध्याकाळी मैदानावर माझं अखेरचं व्याख्यान आहे. विषय, 'जमिनीवर उभं राहण्याचं कर्तव्य'. आदल्या रात्री पुढची बाजू भिजवून ठेवणार आहे. लोकांना पुढे या म्हणून विनवणं माझ्या स्वभावात नाही, पण तुम्ही घरचे आहात. ताई, मुलं, तुमचे ते पहिलवान शेजारी, सगळ्यांना घेऊन या आणि अगदी ओट्यासमोर उभे राहा. बूट जाड तळाचे घाला. आणि वजन कमी करण्याचं तेवढं महिनाभर पुढे ढकला, ही हात जोडून विनंती. मी कोणापुढे हात जोडत नाही, हे तुम्ही जाणता.

(पाकिटाच्या आतल्या बाजूला, वेगळ्या अक्षरात)

भाऊजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून चार ओळी. तुम्ही आणि वन्सं नक्की या. साखरेचं पथ्य मात्र मोडू नका, आहे ते वजन भरपूर आहे. गर्दीची काळजी नको. किटलीशी माझं बोलणं झालंय, त्या दिवशी तो टपरी फाटकाजवळून उचलून ओट्याला टेकून लावणार आहे. चहा माझ्याकडून, सगळ्यांना. अख्खं गाव पुढे येईल, यांना वाटू दे ऐकायला आलेत. मीही पुढेच उभी राहणार आहे, एक दिवस स्वयंपाक उशिरा झाला म्हणून कोणी उपाशी मरत नाही. आणि एक करा, घड्याळ घालून येऊ नका. माती नीट बसायला निदान तीन तास लागतील असं बाई म्हणाल्या आहेत, तेव्हा या खेपेला यांना कोणीही आवरायचं नाही.