आईचा आवाज आणि उरलेले चार स्क्रू

ताओयुआन, तैवान,
सोमवार

तीर्थस्वरूप दादास,

शू-ओचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? वहिनींना सांग, सकाळची माशाची पेज खुशाल द्या, पण दुसरी वाटी मागितली तर ऐकू आलं नाही असं दाखवा.

आईच्या वर्षश्राद्धाला सगळ्यांनी मिळून ऐकायचं म्हणून तू तिचं रेकॉर्डिंग मागितलंस, आणि नेमका त्याच दिवशी आमचा कॉम्प्युटर बसला. पंखा गरगर फिरतो, पण पडदा काळा. आईचा आवाज आता फक्त त्या डब्यातल्या हार्ड डिस्कवर. मी म्हटलं, दुकानात नेऊ. पण आमचे हे पडले मदरबोर्डच्या कारखान्यातले तीस वर्षांचे तपासनीस! (तपासायचं म्हणजे वरून बघून शिक्का मारायचा, पण ते चारचौघांत बोलायचं नसतं.) ह्यांच्या घरचं यंत्र परक्याने उघडायचं म्हणजे घराण्याची अब्रूच गेली. तेव्हा ह्यांनीच ते जेवणाच्या टेबलावर उघडलं. हार्ड डिस्क सोयासॉसच्या बाटलीशेजारी, पॉवर सप्लाय भाताच्या कुकरवर, आणि रॅमच्या पट्ट्या चॉपस्टिक्सच्या भांड्यात. प्रोसेसर गार राहावा म्हणून त्यावर लावतात तो लेप वाटाण्याएवढा पुरतो. ह्यांनी टोस्टला लोणी फासावं तसा फासला. सगळं परत जोडल्यावर चार स्क्रू उरले. (म्हणाले, कंपनी जास्तीचेच देते.)

पडदा काळाच. मग ह्यांचं लक्ष डब्यावरच्या खाऊच्या हिरव्या पुड्याकडे गेलं. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून आपण ठेवतो तोच, पण मुदत संपून चार महिने झालेला. झालं, सगळा दोष पुड्याचा! तडक दुकानात गेले. हिरवा संपला होता, म्हणून पिवळा घेऊन आले. दादा, तीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस! हिरवा दिवा म्हणजे चालू आणि पिवळा म्हणजे बिघाड, हे तिथला झाडूवालासुद्धा सांगेल. शेजारच्या फानबाई डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, पिवळा? यंत्राकडून राजीनामा लिहून घेताय की काय?" हे चिडून हिरव्याच्या शोधात बाजार पालथा घालायला निघाले.

तेवढ्यात फानबाईंनी सांगितल्याप्रमाणे (त्यांनीही कारखान्यातच जन्म काढला, पण खरोखर तपासण्यात) मी रॅमच्या पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी कडांवर खोडरबर घासलं आणि कट्ट आवाज येईपर्यंत दाबून बसवल्या. पडदा उजळला. मी चक्क रडले, दादा. मग पटकन सगळं बंद करून भाजी चिरायला बसले. हे आले, हिरवा पुडा ठेवला, बटण दाबलं आणि म्हणाले, "बघितलंस?" मी म्हटलं, "बघितलं हो." आणि चहा टाकला.

सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये रेकॉर्डिंग आहे. जपून ठेव.

तुझी धाकटी,
शू-ओ

ता. क. रेकॉर्डिंग आम्ही दोघांनी बसून ऐकलं. चौदाव्या मिनिटाला आई म्हणते, "शू-ओ, काही झालं तरी जावईबापूंच्या हाती यंत्र देऊ नकोस." तेव्हापासून हे धड जेवत नाहीत, आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही. तेव्हा, दादा, तुझा कॉम्प्युटर ठणठणीत असला तरी तो बिघडला म्हणून ह्यांना फोन कर आणि अगदी गयावया करून दुरुस्तीला बोलाव.

ता. क. २. हे पोचायच्या आत त्यातलं महत्त्वाचं सगळं दुसरीकडे काढून ठेव. आईचं ऐकलेलं बरं.