लेडीज सीट

३ जुलै, गुरुवार
आज दुखणं वाघबीळलाच सुरू झालं. परवापर्यंत बांबवडं तरी गाठत होते. मग पायदानावर उभं राहून गाडी चालवली. एस्टीच्या खिडकीतून एक बाई डोळे फाडून बघत होती. बघू दे. माकडहाड माझं दुखतंय, तिचं नाही.

जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर. त्यातले शेवटचे सहा रस्ता म्हणायचे म्हणून रस्ता. ज्याने माझी बदली मलकापूरच्या पलीकडे टाकली त्याने एकदा तरी माझ्या मागे बसून यावं. एस्टी मलकापूरपर्यंत नेते, पुढे अकरा वाजेपर्यंत काही मिळत नाही, आणि शाळा साडेदहाची. म्हणून तर जूनमध्ये ही उंच, कच्च्या रस्त्याची गाडी घेतली. टाच टेकत नाही, नुसते चवडे टेकतात. पण चिखलाला भीत नाही. सीट तेवढी फळी आहे. अरुंद, पुढे उतरती.

घरी आले तर प्र. दारातच. "काय, मोडलं का कंबरडं?" पंचवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या आवाजातला आनंद ओळखता येतो.

५ जुलै, शनिवार
जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीखाली, अर्ज. माझा. स्वेच्छानिवृत्तीचा. सगळा भरलेला, प्र.च्या बँकेतल्या वळणदार अक्षरात. नाव, पद, सेवेची वर्षं, कारण - "कौटुंबिक जबाबदारी". फक्त सही बाकी.

म्हणाला, ३१ तारखेच्या आत दिला की तीन महिन्यांची नोटीस दिवाळीच्या सुमारास संपते. आईकडं बघायला कोणतरी पायजेच हाय.

सासूबाई मे महिन्यात न्हाणीत पडल्या, तेव्हापासून धरून चालवावं लागतं. खरं आहे. पण हा स्वतः दोन वर्षांपूर्वी बँक सोडून घरी बसलाय. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी कट्टा. मी म्हटलं, तू आहेस की घरी. तर म्हणतो, "आईला बाईमाणूसच लागतं."

चोवीस वर्षं शिकवलं. स्वेच्छा कुणाची, हे त्या कागदावर कुठेच विचारलेलं नाही.

अर्ज बरणीखाली परत ठेवला. फाडायला हात धजला नाही. का, ते माहीत नाही.

८ जुलै, मंगळवार
डॉक्टर म्हणाले विश्रांती. मी म्हटलं ती सोडून सांगा. मग म्हणाले, बसणं बदला.

हवेची उशी आणली. फुगवायची, सीटवर बांधायची. वाघबीळच्या वळणावर ती डावीकडे आणि मी उजवीकडे. पावसात नुसती साबणाची वडी. परत येताना फुस्स. शाळेतल्या शेळकेसरांनी मोबाईलवर तयार सीट दाखवली, परदेशी, जेल भरलेली. मापं तिथल्या लोकांची. माझे पाय अधांतरी लोंबतील.

अडचण सोपी आहे आणि सुटत नाही. उंची कमी करायची तर फोम पातळ करायचा. फोम पातळ केला की हाड पत्र्याला टेकतं. हे मी प्र.ला का सांगत बसले कोण जाणे. तो म्हणाला, "एवढं सगळं करण्यापरास..." आणि बरणीकडे बघितलं.

१० जुलै, गुरुवार
शाहूपुरीत उस्मानभाईंचं दुकान सापडलं. वडील बग्गीच्या गाद्या करायचे, हे मोटरसायकलच्या करतात. साठीचे, दाढी पांढरी, कानावर खडू. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, सीट अंगठ्याने दाबली आणि म्हणाले, "ह्यो फोम न्हवं म्याडम, ही शिक्षा हाय."

त्या एका वाक्यावर मी खूश झाले. महिनाभरात कुणीतरी पहिल्यांदा माझ्या बाजूने बोललं.

मी म्हटलं, लेडीजसाठी करायची आहे. लांबचा प्रवास आहे, रोजचा.
"काय काळजी करू नगासा. लेडीजच्या कामात आपला हात कोण धरत न्हाय."
वहीत लिहून घेतलं. सीट काढून ठेवून घेतली. नऊ दिवस लागणार म्हणाले.

लेडीजसाठी. 'माझ्यासाठी' म्हणायला काय झालं होतं मला? परक्या माणसासमोर बूड दुखतंय म्हणायची लाज. पन्नाशी आली तरी.

१६ जुलै, बुधवार
गाडीला सीट नाही. एस्टी, मग पायपीट, मग कुणाच्या तरी दुधाच्या टेम्पोत. पाच दिवसांत तीनदा उशीर. आज मुख्याध्यापक शेळकेसर, भला माणूस, हळूच म्हणाले, "बाई, परवा केंद्रप्रमुख येऊन गेले. मी सांभाळून घेतलं, पर रोज न्हाय जमायचं मला."
खाली मान घालून हो म्हटलं. मी उशीर करणारी बाई नव्हते कधी.

प्र. आज फारच गोड. चहा करून दिला. चहात साखर जास्त.

१९ जुलै, शनिवार
सीट मिळाली.

लिहितेय ते रागाने.

उस्मानभाईंनी कापड झटकून दाखवली. काळं रेक्झिन, मरून शिवण, काम खरंच देखणं. पण सगळं काम मागच्या अर्ध्यात. मागे रुंद, मऊ, गुबगुबीत, टेकायला पाठ, धरायला दांडी. गाडीच्या डाव्या अंगाला दोन्ही पाय ठेवायची पट्टी. वर साडीगार्ड!
पुढचा भाग होता तसाच. तीच फळी, फक्त नवीन कपडा घातलेली.

"आन पुढं?" मी विचारलं.
"पुढचं काय म्हटला न्हाईसा की. लेडीज सीट म्हटलासा." वही उघडून दाखवली. खरंच लिहिलं होतं. लेडीज सीट, लांबचा प्रवास, ऐसपैस.

चूक त्यांची नाही. ह्या गावात लेडीज सीट म्हणजे मागची. जिथे बाई बसते ती. माझ्या तोंडून मीच मला मागे बसवलं. स्कूटरवर एका बाजूला पाय टाकून बावीस वर्षं बसले, ते पुरलं नव्हतं बहुतेक.

मी म्हटलं, उस्मानभाई, चालवते मी.
ते मग कानावरचा खडू काढून हातात फिरवत राहिले. "मला वाटलं, गाडी इथवर सोडाय तुमी आणली." आणि मग, अगदी सरळ मनाने, "पर सायेब आलते की मंगळवारी. त्यांनी बघितली. बरोबर हाय म्हटले."

२० जुलै, रविवार
विचारलं त्याला. सासूबाई झोपल्यावर, दुपारी.
"गेलतास तू दुकानात?"
"गेलतो. जाता जाता सहज."
"बघितलीस सीट? मागची करतायत ते?"
"बघितली. मला वाटलं, तूच ठरवलं असशील मागं बसायचं."
"कुणाच्या मागे?"

प्र.ला गिअरची गाडी येत नाही. स्कूटर सोडून कधी काही चालवलं नाही, आता तर उजवा गुडघा वाकत नाही. पुढे कोण बसणार होतं? त्याने तेवढा विचारच केला नव्हता. मी पुढे नसले की झालं, एवढंच.

एक शब्द बोलला असता तर माझे चार दिवस वाचले असते. मंगळवारी. बुधवारी मी शाळेत मान खाली घालून उभी होते आणि ह्याने मला चहा करून दिला.

रडले नाही. भांडी जरा जोरात घासली.

२२ जुलै, मंगळवार
शाळा करून थेट शाहूपुरी. परत विचारायला लाज वाटत होती, पण उस्मानभाईंनाच जास्त वाटत होती. म्हणाले, पुढचं करून देतो, पर माप... आणि थांबले. मग आत हाक मारली, "हमीदा, म्याडमचं माप तू घे."

हमीदाभाभी म्हणजे त्यांची बायको. दुकानाची शिवण सगळी त्याच करतात. सुईसारख्या बारीक, बोलायला धारदार. मला आत नेलं. पत्र्याच्या घमेल्यात ओली वाळू दाबून बसवलेली, वर प्लास्टिक. "बसा हितं. गाडीवर बसल्यागत. लाजू नगासा, मी बी बाईच हाय."

बसले. उठले. वाळूत दोन खड्डे, मागे मधोमध एक बारकी खूण. त्यांनी त्या खुणेवर बोट ठेवलं. "हे बघा, हितं दुखतंय." मी काही सांगितलं नव्हतं. डोळ्यात पाणी आलं टचकन. पाणी येण्यासारखं काय होतं त्यात? वाळू होती नुसती.

"मऊ करून उपेग न्हाय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मऊ दबतंय आन हाड खाली जातंय. दोनी बाजूला घट्ट फोम लावा, मधी खाच मारा. हाडाखाली नुसती हवा पायजे. मांडीजवळ बारीक करा म्हंजे पाय टेकतील. मी शिवतो वरनं."
उस्मानभाईंनी सगळं लिहून घेतलं. ह्या वेळी वहीत काय लिहिलं ते मी वाकून वाचलं. "म्याडम. पुढची."

निघताना भाभींनी विचारलं, "मागचं उसवून टाकू?"
राहू दे म्हटलं. एवढं देखणं काम.

२६ जुलै, शनिवार
पुढची झाली. रविवारी देतो म्हणाले होते, पण तोवर थांबवलं नाही त्यांनी. वाघबीळपर्यंत जाऊन आले. माहेरी, नेसरीच्या माळावर वडिलांनी, आप्पांनी मोटरसायकल शिकवली तेव्हा म्हणायचे, गाडी बुडाला कळती, हाताला न्हाय. आज बरेच दिवसांनी कळली. टाच टेकत नाही अजून, पण पाऊल निम्मं टेकतं.

सासूबाईंना धरून अंगणात आणलं. त्यांनी सीट चाचपली. मी म्हटलं, आई, तुमच्यासाठी नोकरी सोड म्हणतोय तो. त्या म्हणाल्या, "माझ्या नावानं? मला कोण इचारलंय?" प्र. आतून ऐकत होता. पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

पण रात्री त्यांना संडासला नेताना मीच लागते, हेही खरं. त्या माझाच हात धरतात.

२९ जुलै, मंगळवार
बांबवडं गेलं, मलकापूर गेलं, काही नाही. मी गुणगुणत होते. मग शेवटच्या सहा किलोमीटरमध्ये, ओढ्याच्या चढाला, मागचं चाक घसरलं. गाडी आडवी, मी आडवी. लाल चिखल केसांपर्यंत. आदळले नेमकी तिथेच. गाडीला काही झालं नाही. दोघा शेतकऱ्यांनी उचलून दिली, म्हणाले, "पावणं, कशाला ह्या वयात?"

घरी आले तेव्हा बसता येत नव्हतं. उभ्याने जेवले. प्र.ने अर्ज बरणीखालून काढला, पुसला, पुढे ठेवला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू बोलला, "बास कर आता."
आणि मी म्हटलं, "बरं. ३१ला मलकापूरला शिक्षण खात्याच्या ऑफिसातच सही करते."
म्हटलं खरं. दमले होते. दमल्यावर माणूस काहीही म्हणतं, आणि तो त्याचीच वाट बघत होता. पण खोटं बोलले असंही नाही. त्या क्षणी मला खरंच नोकरी सोडायची होती.

३१ जुलै, गुरुवार. शाळेतून. मधली सुट्टी.
सकाळी प्र. रेनकोट घालून तयार. अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी शर्टच्या आत. म्हणाला, "मी येतो संगं. तू एकटी गेलीस तर ऑफिसात शिरायची न्हाईस." शेजारच्या मावशी सासूबाईंजवळ बसल्या. म्हणजे एका दिवसासाठी सोय होते.

गाडी उंच. गुडघा वर जाईना. दोनदा प्रयत्न केला. मग दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसला. पट्टीवर पाय, हातात दांडी, पाठीला टेकू. कसबा बावड्यातून आम्ही असे निघालो. कोपऱ्यावरचा दुकानदार बघतच राहिला. मी हसले नाही. हसायला हवं होतं.

बांबवड्याला चहा. प्र. म्हणाला, "मस्त केलीय की गं गादी. मला डुलकी लागत हुती." खरं मनापासून म्हणाला. मलाही दुखत नव्हतं. परवाचा मुका मार दुखत होता, पण तो निराळा. हाडाखाली हवाच होती.

मलकापुरात ऑफिससमोर उतरला. "पेन घेतलंस न्हवं? तू गाडी लाव, मी सायेब आलेत का बघतो." लावते म्हटलं. तो पायऱ्या चढला, वळून बघितलं नाही. मी गाडी बंदच केली नव्हती.

ओढ्याच्या चढाला खाली उतरून ढकलली. साडेदहाला पाच कमी होते. शेळकेसरांनी घड्याळ बघितलं आणि हजेरीपट पुढे सरकवला.

इथे रेंज येत नाही. टेकाडावर गेलं की येते. गेले नाही. तो अजून ऑफिसातल्या बाकड्यावर बसला असेल, किंवा एस्टीने परत गेला असेल, पण मला वाटतं बसला असेल. अर्ज त्याच्याकडे आहे.

शाळा पाचला सुटते. मलकापूर अर्धा तास. ऑफिस सव्वासहापर्यंत उघडं असतं, सही करायची तर वेळ आहे. घरी जाताना त्याला घ्यायचंच आहे, मागची जागा आहेच त्याची.

पेन घेतलंय. त्याच पेनने हे लिहितेय.