अंजिराखाली गेलेली कादंबरी

विहीणबाईंना माझा नमस्कार आणि शालोम. तुमचे गुडघे कसे आहेत ते कळवा; माझ्या गुडघ्यांचं विचारू नका, ते माझं ऐकत नाहीत. सूनबाई (म्हणजे तुमची लेक) मजेत आहे, हल्ली कमी बोलते, हे वळण माहेरचं नव्हे ते मी जाणते. मी शाळेत दोनच वर्षं गेले, त्यातलं एक खिडकीबाहेर बघण्यात गेलं, तेव्हा अक्षराला हसू नका. तुम्ही सातवी पास आहात, चष्मा लावून अर्थ लावून घ्या.

आपल्या नातीचं पुस्तक छापून येतंय ही बातमी तुम्हाला लागलीच असेल. पण त्याआधी ते मी जमिनीत पुरलं होतं, हे कुणी सांगितलं नसणार. भलत्याच तोंडून तिखटमीठ लावून ऐकाल, म्हणून मीच लिहिते.

पोरगी काय काम करते असं कुणी विचारलं की सांगता सांगता मला धाप लागते. दिवसा ती ओढा साफ करणाऱ्या खात्यात. गमबूट घालून पाण्यात उतरते, बाटल्या भरते आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने लावते. (त्यातली एक मी चुकून कुंडीत ओतली, तर तीन आठवड्यांचा अभ्यास वाया गेला म्हणे. कुंडीतलं झाड दोन दिवसांत वाळलं, म्हणजे ओढ्याचा निकाल मीच लावून दिला, पण माझं नाव अहवालात नाही.) आठवड्यातल्या दोन संध्याकाळी प्रार्थनाघरात जुन्या यहुदी पंडितांचं शहाणपण शिकवते. आणि पहाटे उठून गोष्टी लिहिते. लग्नाचं विचारलं तर म्हणते, पंडितांची यावर वेगवेगळी मतं आहेत. शनिवारी, शब्बाथला, लेखणीला हात लावत नाही, तेवढा एक दिवस घर आमचं असतं.

आता कागदाचं ऐका. कोरा कागद ती वापरत नाही, त्यासाठी कुठेतरी झाड तुटतं. मग वर्गात वाटून उरलेले पाठाचे कागद घरी आणायचे आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर कादंबरी लिहायची. कॉम्प्युटर घे म्हटलं तर म्हणाली, "त्यात गोष्ट गुळगुळीत होते गं आजी." अशी चारशे पानं झाली. पुढून प्रार्थना, मागून कुणाचं तरी लफडं.

तुमच्या गावचं प्रार्थनाघर लहान, तिथे पेटी नसेल म्हणून सांगते. देवाचं नाव असलेला कागद आपण केरात टाकत नाही की जाळत नाही. फाटकी पुस्तकं, सुटी पानं पेटीत साठवतो आणि पेटी भरली की ते सगळं माणसासारखं मातीला देतो. ही पेटी तीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. (अध्यक्षांनी दोनदा काढून घ्यायला बघितली. अध्यक्ष बदलले.) पुरायच्या आदल्या दिवशी मी घरातही एक फेरी मारते. तर नातीच्या टेबलावर सुतळीने बांधलेला गठ्ठा, वरच्या पानावर ठळक देवाचं नाव. उचलला आणि पेटीत घातला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनाघराच्या मागच्या अंगणात खड्डा झाला, गुरुजी चार शब्द बोलले. खड्ड्यावर फळझाड लावायची नवी पद्धत कुणाच्या डोक्यातून आली असेल? नातीच्याच. तिने स्वतःच्या हाताने अंजिराचं रोप लावलं, माती दाबली, पाणी घातलं आणि प्रार्थनाघरातूनच तडक ओढ्याच्या उगमाकडे दहा दिवसांच्या कामाला निघून गेली.

परत आली तर टेबल मोकळं. समोर भिंतीवर प्रकाशकाचं पत्र टाचलेलं: मुदतीला आता पंचवीस दिवस उरलेले, तोवर कादंबरी हातात पडली नाही तर यंदा नाही, आणि पुढचं सांगता येत नाही. सहा वर्षांची मेहनत होती, विहीणबाई.

"आजी, इथला गठ्ठा?"

"देवाचा होता, देवाकडे गेला."

ती रडली नाही. फावडं घेऊन निघाली. मी मागोमाग, गुरुजी आपली पुस्तकं घेऊन माझ्या मागे. पुरलेलं उकरावं का, यावर एक पंडित हो म्हणतो, दुसरा नाही म्हणतो, आणि तिसऱ्याची अक्षरं इतकी बारीक की गुरुजींना लागेनात. पण अंजिराचं काय? फळझाडाचा नाश करायचा नाही, लढाईतसुद्धा नाही, हे ती दरसाल मुलांना घसा बसेस्तोवर शिकवते. "झाड बाजूला लावू," गुरुजी म्हणाले. नात उकिडवी बसली. रोपाला दोन नवी पानं फुटली होती. "आत्ता कुठे मूळ धरतंय. हलवलं तर जाईल," म्हणाली. मग फावडं माझ्या हातात दिलं. "पुरलंस तू. आता ऐकायचंसही तूच."

मग काय, खात्यातून रजा काढली तिने. ती सांगायची आणि लिहायची, मी वाटाणे सोलत ऐकायची. मी जांभई दिली की ती खोडायची. चंद्राचं वर्णन सुरू झालं की मी म्हणायची, चंद्र मी पाहिलाय, पुढे काय झालं ते सांग. ओढ्याच्या आकड्यांचं एक अख्खं प्रकरण होतं, त्यात मला चक्क झोप लागली. आता तिथे अर्धं पान आहे आणि त्यात एक मासा आहे. गोष्टीतल्या पंडितांना मात्र मी हात लावू दिला नाही, भांडतात छान. चारशेची एकशे साठ पानं झाली आणि तेविसाव्या दिवशी प्रकाशकाच्या हातात पडली. त्यांनी कळवलं की हे लिखाण त्यांनी एका बैठकीत वाचलं आणि बसस्टॉप चुकला. घरात आता पोरगी दिवसभर गाते. बेसूर गाते, तो गळा तुमच्याकडचा. अंजिराला अकरा पानं आहेत, मी रोज मोजते.

आपली विहीण

ता. क. सूनबाईने नातीला चोरून पहिल्या कादंबरीची झेरॉक्स काढून तुम्हाला वाचायला पाठवली होती, हे मला ठाऊक आहे. नात गोष्ट सांगायला बसली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सूनबाई मला कबूल करायला आली. मीच म्हटलं, गप्प राहा, पोरगी रंगात आली आहे. तेव्हा ती प्रत आता कपाटातून बाहेर यायला नको.

आणखी एक. त्या प्रतीत नवव्या पानावर एक तोंडाळ आजी मरते. नव्या पुस्तकात ती शेवटच्या ओळीपर्यंत बोलत असते. मला वाचता येत नाही असं घरात सगळे धरून चालतात, मीही चालू देते. पण गठ्ठा उचलताना पानं मी उलटून पाहिली होती.

शेवटचं. झेरॉक्स एकाच बाजूची आहे, तिच्यावर देवाचं नाव नसणार. तुमचं अक्षर वळणदार. पहिल्या पानावर ते नाव तेवढं लिहा, मग पुढे काय करावं लागतं ते वर सांगितलंच आहे. या पत्राच्या मागे मी आधीच लिहून ठेवलंय, दोन्ही एकाच खड्ड्यात मावतील. वर झाड कुठलंही लावा, फळाचं असलं म्हणजे झालं.