हेडफोनची डावी बाजू

२ जून, सकाळी
मिळालं. गॉगलने त्याच्या लघुपटाचं संगीत मला दिलं. (तो अंधाऱ्या खोलीतही गॉगल काढत नाही, म्हणून गॉगल. माणूस कलाकार आहे.) आजवर माझं संगीत फक्त घरच्यांच्या वाट्याला आलं. आता परके ऐकतील. जमलं तर विम्याच्या ऑफिसला रामराम.
मोबाइलच्या इअरफोनवर मिक्स करणं, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज तोलून बसवणं, हा पोरखेळ. स्टुडिओ हेडफोन हवेत. संकल्प: बजेटच्या बाहेर जायचं नाही. एकदाच घ्यायचे, बदलाबदली नाही. आवाज निम्म्याच्या वर न्यायचा नाही.
संकल्प बायकोला वाचून दाखवले. तिने मान डोलावली, पण भाजी चिरणं थांबवलं नाही.

५ जून
इतके रिव्ह्यू पाहिले की आता मीच एखादा करू शकेन. निर्णय: क्लोज्ड-बॅक, म्हणजे बाहेरून बंद. ओपन-बॅकला जाळी असते, आतलं सगळं बाहेर ऐकू येतं. माझा स्टुडिओ म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली अडगळीची खोली. तिथे ओपन-बॅक लावले तर आपण माहेरी जाऊ, असं बायकोने आधीच सांगून ठेवलंय.

७ जून
घेतले. बजेटमध्ये! दुकानदार म्हणाला, या किमतीत याहून चांगले मिळणार नाहीत. विकणारे असंच म्हणतात, पण या वेळी खरं निघालं. बासरी बरोबर मध्यभागी. डावं-उजवं अगदी तोलून. मुलीनेही ऐकलं आणि म्हणाली की बाबा, तबला डोक्याच्या आत वाजतोय. सात वर्षांची आहे, पण कान माझ्यावर गेलाय.

११ जून, सकाळी
उठलो तर डाव्या कानात कापूस कोंबल्यासारखं. दात घासताना बेसिन जरा तिरकं झालं, मग सरळ झालं. बायको म्हणाली, आजच्या आज कानाच्या डॉक्टरकडे जा. हिला प्रत्येक गोष्टीची घाई. ऑफिसातल्या एसीची सर्दी आहे, वाफ घेतली की जाईल. डॉक्टरकडे गेलं की तपासण्या, तपासण्या म्हणजे रजा, आणि मग मिक्स कोण करणार?

११ जून, संध्याकाळी
हेडफोनचा डावा कप गेला. आवाज कसाबसा येतो. चार दिवसांत! स्वस्तातल्या वस्तूंचं हे असं असतं.

१२ जून
दुकानदाराने ते स्वतःच्या कानाला लावले आणि म्हणाला, दोन्हीकडे सारखंच वाजतंय. दिवसभर इस्त्र्या आणि मिक्सर विकणाऱ्याच्या कानाला काय कळणार? मी त्याच्यावर आवाज चढवला. तेव्हा त्याने नवा जोड दिला.
घरी येऊन लावला. डावा कप मंद. एकाच लॉटमधला माल असणार.

१४ जून
घरात बारीक शिट्टीसारखा आवाज येतोय. सतत. फ्रिजवर संशय. बंद केला. शिट्टी चालूच. फ्रिज पुन्हा लावायचा राहिला, दूध नासलं. बायको दुधाबद्दल बोलली नाही, डॉक्टरबद्दलच बोलली.
दुपारी शेजारच्यांच्या पाण्याच्या मोटारीबद्दल तक्रार करायला गेलो. दाराला कुलूप. वॉचमन म्हणाला, ते गावाला गेलेत. म्हणजे मोटार चालू ठेवून गेले! लोकांना जबाबदारी म्हणून नाही.

१५ जून
बागेत फिरायला गेलो. तिथेही शिट्टी. या शहरात आवाजाचं प्रदूषण फार वाढलंय.

१७ जून
रडत बसणाऱ्यांतला मी नाही. उपाय सापडला. डावा कप मंद आहे ना, मग मिक्समध्येच डावी बाजू चढवायची. बासरी डावीकडे, तबला डावीकडे, व्हायोलिन तर पार डावीकडे. आता कसं तोलून वाजतंय. आवाज पाऊणच्या पुढे न्यावा लागला, पण तात्पुरता. गॉगलला फाइल पाठवली.
खोलीबाहेर आलो तर बायको दारातच उभी. म्हणे, मघापासून हाका मारतेय. याला म्हणतात क्लोज्ड-बॅक! (तिचं म्हणणं, तेव्हा हेडफोन माझ्या गळ्यात होते.)

१९ जून
गॉगलचा फोन. म्हणाला, गाडीत ऐकलं, सगळी वाद्यं एकाच दाराला चिकटून बसली आहेत, दुसरीकडे शुकशुकाट. त्याला गाडीचे स्पीकर तपासून घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, घरीही तसंच ऐकू येतं. घरचेही तपासायला सांगितले. पंचवीस तारखेपर्यंत नवा मिक्स मागितलाय. आवाज जरा तुटक वाटला त्याचा.

२० जून
आज शास्त्रीय पद्धतीने छडा लावला. हेडफोन उलटे घातले. साधा हिशोब: डावा कप खराब असेल तर तो आता उजव्या कानावर आला, म्हणजे उजवीकडे मंद वाजायला हवं.
उजवीकडे खणखणीत वाजलं. मंद डावीकडेच.
पुन्हा सरळ घातले. पुन्हा उलटे. तेच.
निष्कर्ष: दोन्ही कप खराब आहेत आणि आळीपाळीने बिघडतात. असा दोष मी कुठल्याच रिव्ह्यूत पाहिलेला नाही.
हेडफोन मांडीवर घेऊन बराच वेळ बसून होतो. तळहातांना घाम आला होता. अडगळीच्या खोलीत उकडतं फार. पंखा बसवायला हवा.

२२ जून
आज तिघं रस्ता ओलांडताना डावीकडून टेम्पो आला. हॉर्न न वाजवता. मुलीने शर्ट धरून मागे ओढलं म्हणून वाचलो. मी टेम्पोवाल्याला चांगलंच सुनावलं. मुलगी हळूच म्हणाली, बाबा, त्याने केवढा मोठा हॉर्न वाजवला. लहान मुलांना प्रत्येक गोष्ट मोठी वाटते.
बायकोने मुलीचा हात धरून तिला माझ्या उजव्या बाजूला आणलं.
रात्री जेवताना पाहिलं, दोघींच्या खुर्च्याही उजवीकडे आल्या आहेत. तिकडे पंख्याचा वारा बरा लागत असेल.

२४ जून
संकल्प मोडला. बजेटही. दुप्पट किमतीचे ओपन-बॅक घेतले. गॉगलला उद्या मिक्स द्यायचाय, आता कंजुषी परवडणार नाही. दुकानातच लावून पाहिले. डावा मंद.
या वेळी दुकानदार भांडला नाही. ते मला आवडलं नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने स्टूल पुढे केलं आणि विचारलं की साहेब, तुम्ही फोन डाव्या कानाला लावून पाहिलात का? मी म्हटलं, मी हेडफोन घ्यायला आलोय, फोन नाही.
वाटेत एका झाडाखाली थांबलो, फोन डाव्या कानाला लावला आणि बायकोला कॉल केला. रिंगच ऐकू येईना. नेटवर्क नसणार. उजव्या कानाला लावला तर ती हॅलो हॅलो करत होती, कुठे आहात, बोलत का नाही, असं घाबरून विचारत होती.
नेटवर्क मध्येच आलं असणार.

२६ जून
काल नवा मिक्स पाठवला, आज गॉगलने काम दुसऱ्याला दिलं. सभ्यपणे सांगितलं. म्हणाला, चाल छान आहे, पण ऐकणाऱ्याला घेरी येते.
फार वाईट वाटलं. अडगळीच्या खोलीत दार लावून बसलो. शिट्टी तेवढी सोबतीला होती. आज पहिल्यांदाच तिची भीती वाटली. का ते लिहीत नाही.
बायकोने उद्याची डॉक्टरची वेळ घेतली आहे. मी नाही म्हणालो नाही. सर्दी जुनी झाली की औषध लागतंच.

२७ जून
कानाचा दवाखाना. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी म्हणालो, झाले असतील दोन-चार दिवस. बायको म्हणाली, अकरा तारखेपासून. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, असं अचानक झालं की पहिल्या दोन-चार दिवसांत यायचं असतं, औषधाचा उपयोग तेव्हाच जास्त होतो. मग म्हणाले, बघू, आधी तपासणी करून घ्या. बायको माझ्याकडे पाहत होती. मी भिंतीवरचं कानाचं चित्र पाहत होतो.
तपासणीची खोली पाहिली आणि भान हरपलं. चारी भिंतींना फोम, जाड दार, समोर काच. असा स्टुडिओ मला आयुष्यात जमला नसता. काचेपलीकडे तपासणी करणाऱ्या बाई. त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवले. जड, पक्के, क्लोज्ड-बॅक. कंपनी विचारली, त्या फक्त हसल्या. म्हणाल्या, आवाज आला की बोट वर करा.
आधी उजवीकडे. टिक टिक सुरेख येत होती. मी सारखं बोट वर करत होतो.
मग डावीकडे. मी थांबलो. बाई बटणं दाबत होत्या, माझ्याकडे बघत होत्या, पुन्हा दाबत होत्या. शिट्टी सोडली तर काही नाही. मी बोट तयार ठेवलं होतं.
शेवटी मीच सांगितलं की बाई, तुमच्या हेडफोनचा डावा कप गेलाय. वायर सैल झाली की होतं असं. मला यातलं कळतं, मी बघून देतो.
बाई आत आल्या, माझ्या डोक्यावरचे हेडफोन काढले आणि उलटे करून परत घातले. डावा कप माझ्या उजव्या कानावर आला. बाहेर जाऊन त्यांनी बटण दाबलं.
आवाज स्पष्ट आला. हेडफोन चांगले होते.