रिकामी ओळ

३ एप्रिल
आले एकदाची. दोन खोल्या, एक बेसिन, एक लोखंडी कपाट आणि खिडकीत डोंगरच डोंगर. ऑफिस खाली, राहायचं वर. म्हणजे उशीर झाला तर बस चुकली असं सांगायची सोय नाही. पोहोचवायला धाकटा भाऊ आला होता. माझी ट्रंक जिन्यावरून वर चढवताना दर पायरीला म्हणत होता, की हेडबाई आता या डोंगरालाही शिस्त लावणार. मला हेडबाई म्हणतो मेला. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, त्याच्या शाळेच्या डब्यापासून तापापर्यंत सगळं मीच केलं, तेव्हा म्हणेना का.

काम मला आवडेल असंच आहे. या राखीव जंगलातल्या डोंगरांत चार-पाच दिवस चालायला येणाऱ्या प्रत्येक गटाचा मुक्कामांचा तक्ता मी बनवायचा. कुठल्या दिवशी किती चाल, पाणी कुठे, तंबू कुठे, ओझं किती, कुठून मागे फिरायचं. या तक्त्याशिवाय गेटवरचा चौकीदार कुणाला आत सोडत नाही.

५ एप्रिल
नकाशेकाका माझ्याकडे काम सोपवून परवा निवृत्त होणार. एकतीस वर्षं त्यांनी या टेबलावर नकाशे काढले. माणूस गोड, शिकवतात बारकाईने, पण एक विचित्र गोष्ट सांगितली. प्रत्येक तक्त्यात नावांच्या खाली एक ओळ रिकामी सोडायची. चार माणसं तर पाच ओळी. दर मुक्कामाला जेवणाचं एक पाकीट जास्त, तंबूत एका चटईची जागा जास्त. कशाला, असं विचारलं तर म्हणाले, जागा ठेवली की कुणी दुसऱ्याची जागा मागत नाही. मी मान डोलावली. एकतीस वर्षं एका खिडकीत बसलं की माणसाचं असं होत असावं.

९ एप्रिल
काका मुलीकडे राहायला गेले. आज माझा पहिला स्वतंत्र तक्ता : एक नर्स आणि तिच्या दोन मैत्रिणी. तीन माणसं, तीन ओळी. जास्तीची चटई आणि पाकिटं काढून टाकली तर अडीच किलो ओझं कमी झालं. नर्सने मनापासून आभार मानले, तिची पाठ दुखते म्हणे. साहेब म्हणाले, इतक्या वर्षांत हे कुणाला कसं सुचलं नाही. मी दिवसभर हवेत होते, खोटं कशाला लिहू.

१४ एप्रिल
तिघी परतल्या. तीन गेल्या, तीन आल्या, खूण केली. नर्स मात्र गप्प. मैत्रिणी म्हणाल्या, तिसऱ्या मुक्कामावर धुक्यात पाणी आणायला गेली होती, तेव्हापासून बोलत नाही फारशी. दमली असेल.

१८ एप्रिल
परीक्षा संपवून भाऊ तीन मित्रांना घेऊन आला. पाच दिवस, चार मुक्काम, खिंडीतून वळसा घेऊन परत. आख्खी दुपार मी त्यांचा तक्ता बनवत होते. पहिल्या दिवशी कमी चाल, कारण पोरं जोशात धावतात आणि दुसऱ्या दिवशी गुडघे धरून बसतात. पाणी दोन ठिकाणी उकळूनच प्यायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी एकच्या आत खिंड ओलांडली नाही तर मागे फिरायचं, हे लाल अक्षरात.

मग त्याला समोर बसवून त्याचा फॉर्म भरला. वय, रक्तगट, आजार, ओळखखूण. हा संत्रं सोलत बसलेला, एकेक फोड माझ्या तोंडात कोंबत होता. ओळखखूण, उजव्या गालावर तीळ. तातडीचा संपर्क, थोरली बहीण. काकांचा एक जुना तक्ता बघून त्याने रिकाम्या ओळीचं विचारलं. काकांचं खूळ, म्हटलं. तर म्हणतो, असू दे की, ठेव एक, तुझं काय जातंय. मी म्हटलं, अडीच किलो.

२० एप्रिल
सकाळी आठला गेले. वळणावर उलटा चालत हात हलवत होता. पडेल कुठेतरी गाढव.

२२ एप्रिल
नर्सच्या आईचा फोन आला. बाई हळू आवाजात बोलत होत्या, बहुधा शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून. म्हणाल्या, मुलगी घरी आल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसते. जेवायला काय करू विचारलं तर रक्तगट सांगते. मला आई म्हणत नाही, तातडीचा संपर्क म्हणते. मग म्हणाल्या, तुम्ही माझ्या घरी हे कुणाला पाठवलंत.

मी नर्सचा फॉर्म काढला. ती घरी जे जे बोलली ते सगळं त्यात आहे. त्यात नाही असं एक अक्षर ती बोललेली नाही.

लगेच काकांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, ओळी किती लिहिल्यास. तीन म्हटल्यावर म्हणाले, वर जे आहे त्याला जागा लागते. रिकामी मिळाली नाही तर भरलेली घेतं. फॉर्मवरून माणूस होतं आणि खाली येतं. ज्याची जागा गेली तो वरच राहतो. मग विचारलं, आत्ता वर कुणी आहे का.

मी फोन ठेवला.

२३ एप्रिल
साहेबांच्या हातापाया पडले. हसले, मग माझं तोंड बघून चौकीदाराला धाडलं. पाच ओळींचा नवा तक्ता, एक चटई, एक पाकीट त्याच्या पाठीवर बांधलं. सहा तासांत परत आला. खिंडीच्या खूप अलीकडेच हात दिसेना इतकं धुकं आहे, पुढे जाता येईना, म्हणाला.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल नाही, माझं पोर आहे वर. अडीच किलोसाठी. त्याने सांगितलं होतं, ठेव एक. सांगितलं होतं त्याने.

२४ एप्रिल
आले. चार गेले, चार आले. मी गेटवरच त्याला मिठी मारली, रडले, मित्र हसले. मग त्याचा चेहरा हातात घेतला.

तीळ उजव्या गालावर.

माझ्या भावाचा तीळ डाव्या गालावर आहे. मी समोर बसून लिहिलं. माझ्या उजव्या हाताला होता म्हणून उजव्या लिहिलं. बारा वर्षं त्या गालावरचा तीळ तीट लावल्यासारखा बघत आले आणि लिहिताना चुकले. हे चुकीसकट आलं आहे.

२५ एप्रिल
मित्र बसने गेले. त्यांना काही कळलं नाही. एकजण एवढंच म्हणाला, की तिसऱ्या मुक्कामापासून याने एकही विनोद केला नाही.

हे माझ्या खुर्चीत बसलं आहे. संत्रं दिलं, हातात धरून ठेवलं. मी कोण, असं विचारलं. थोरली बहीण, म्हणालं. काय म्हणतोस मला, असं विचारलं. थोरली बहीण. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. ओरडले, मग तोंडावर उशी घेऊन रडले.

काकांना फोन. काही उपाय आहे का, काहीही. एका बाईने केला होता म्हणे, नवऱ्यासाठी. त्याच वाटेने, त्याच मुक्कामांवरून, जे खाली आलंय त्याला सोबत घेऊन जायचं. तक्त्यात एक ओळ रिकामी. वर राहिलेला माणूस त्या ओळीवर आत येऊ शकतो. एक ओळ, एक माणूस. ती बाई परत आली का, विचारलं. काका म्हणाले, तक्ता परत आला.

२६ एप्रिल
तक्ता. पहिली ओळ मी. दुसरी ओळ — याचं नाव काय लिहू? ‘सोबत’ लिहिलं. तिसरी रिकामी. तीन चटया, तीन पाकिटं. ओझं वाढलं, वाढू दे. साहेबांना पाच दिवसांची रजा मागितली. आजवर इतक्या काळजीने कुठलाच तक्ता केला नव्हता.

२७ एप्रिल
पहिला मुक्काम. माझे पाय सोलले. याला धाप लागत नाही. माझ्या मागे बरोब्बर तीन पावलांवर चालतं.

२८ एप्रिल
दुसरा. पाणी उकळलं. याने नाही प्यायलं. आई, तुझं पोर मी हरवलं. आणते. आणतेच.

२९ एप्रिल, दुपारचे चार
तिसरा मुक्काम. धुकं. तिन्ही चटया घातल्या, तिन्ही पाकिटं उघडली. हे कोपऱ्यात बसून बघतंय —

बाहेर कुणी खोकलं. मग — हेडबाई.

त्याचा आवाज. माझ्या पोराचा आवाज. ये म्हटलं, आत ये, जागा ठेवलीय —

येत नाहीये. कुणीतरी आहे त्याच्याबरोबर. बाईचा आवाज. अगदी अदबीने विचारतेय, माझी आई बरी आहे का.

नर्स.

मी तिला विसरले होते. तिच्या आईचा फोन आला त्या क्षणापासून मी फक्त माझ्या माणसाचा विचार केला. तिच्या वेळीही ओळ मीच काढून टाकली होती. मीच —

एक ओळ. बाहेर दोघं.

त्याला म्हटलं तू ये. तो म्हणतोय, ताई, हिला आधी घे, मी थांबतो, मला सवय झालीय. कधी म्हणत नाही ताई. नऊ दिवसांत पोर म्हातारं झालं —

नाही. थांबायचं नाही कुणी.

पहिली ओळ माझी आहे. खोडली. आता दोन रिकाम्या. दोघंही या. मी बाहेर येते, तुम्ही आत या —

कोपऱ्यातलं सरकून बसलं. जागा करून देतंय.

वही भावाजवळ देते. चौकीदारदादा, साहेब, जो वाचेल तो — त्याच्यासारखाच दुसरा त्याच्याबरोबर खाली आलेला दिसेल, घोळ करू नका. माझा भाऊ कुठला ते नीट लिहिते, या वेळी चुकणार नाही. तीळ डाव्या गालावर. त्याच्या डाव्या. म्हणजे समोरून बघाल तर तुमच्या —