कोऱ्या कागदावरची सही

मामा (तीर्थरूप लिहवत नाही),

ठेकेदाराच्या माणसांनी बाबांचं शिवणकामाचं दुकान फोडलं, तेव्हा बाबांना तुमच्या चौकीत मीच ओढत आणलं. तुम्ही कोरा कागद पुढे केलात. "भाचीबाई, सही तेवढी घे. मजकूर मी भरतो." बाबा कचरले. घरातली पहिली पदवीधर मी! म्हटलं, "करा हो, मामा कायद्याचा माणूस आहे."

आज चौकीत तो कागद वाचला: 'माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही.' तुमची किळस आलीच, पण माझ्या शहाणपणाची जास्त आली.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते घरी बसून तुमची नवी वर्दी शिवताहेत. "तुझा मामा सोडायचा नाही त्यांना," म्हणतात आणि सुई माझ्यापुढे धरतात. मी दोरा ओवून देते.

एकेकाळची तुमची,
भाची