तांड्याला कसोटीतून काढलं

हिंगोली,
वसुबारस

चि. बंडोपंत यास ताईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. वाच आणि सोडून दे. तुझा रक्तदाब कसा आहे? मागच्या फोनवर तू इतका वेळ चढ्या आवाजात बोललास की ठीकच असावा. शितलच्या दातांचं काय झालं तेही कळव. नवऱ्याचं बोलणं ऐकून दात आवळायची सवय बायकांना महागात पडते.

आता त्या फोनविषयी. तुझं म्हणणं असं, की ज्यांना जमत नाही त्या देशांनी कसोटी खेळूच नये, वीस षटकांचं काय ते खेळावं आणि आपला वेळ वाचवावा. (कुणाचा वेळ, बंडू? निवृत्त झाल्यापासून तू दुपारी बाराला आंघोळ करतोस.) अहमदाबादला वेस्ट इंडीजवाले तीन दिवसांत आटोपले, त्याचं तुला दुःख कमी आणि आनंदाची उकळी जास्त होती. पुढे दिल्लीला त्याच माणसांनी फॉलोऑननंतर दोन शतकं काढून सामना पाचव्या दिवसावर नेला, तेव्हा तुझा फोन आला नाही. मी वाट पाहिली.

त्या दिवशी मी तुला नीट उत्तर दिलं नाही, कारण इथे आमचंही अहमदाबादच झालं होतं. तुझ्या भाऊजींनी सुरू केलेला दसऱ्यानंतरचा सामना तुला ठाऊक आहे: गावातला क्लब विरुद्ध पुसेगावजवळच्या तांड्याचा संघ, दोन दिवस, दोन-दोन डाव, पांढरे कपडे, लाल चेंडू. बाकी सगळीकडे टेनिसच्या चेंडूवर आठ षटकांचा धिंगाणा चालतो, त्यात कर्ण्यावर गाणी आणि बक्षिसाला बोकड. हे गेल्यापासून मैदानावर त्यांच्या खुर्चीत मी बसते आणि शेवटी चषक देते. त्या दोन दिवसांत लोक येऊन त्यांच्याविषयी बोलतात. उरलेलं वर्ष त्यांच्याविषयी मीच बोलते, आणि ऐकणारीही मीच असते. म्हणून तो दुसरा दिवस मला हवा असतो, समजलं?

यंदा तांड्याचे दोन्ही डाव शनिवारी चहाच्या आत संपले. पहिला पोरगा आला, आकाशात मारला, झेल; दुसरा आला, आकाशात मारला, झेल. त्यांचा कप्तान वसराम तर चेंडू वर असतानाच पॅड सोडायला लागला होता. माझ्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर हरलेल्यांसाठी आधी टाळ्या वाजवायला लावत, तशा मी वाजवल्या, पण ऐकायला त्यांच्यापैकी कुणी उरलंच नव्हतं. रविवारी मैदानावर मी, आचारी आणि सबंध दोन संघांच्या वरण-बट्ट्या. (मंगळवारपर्यंत खात होते. पोटाचं विचारू नकोस.)

मग क्लबची बैठक झाली. सचिव वैजनाथ, मोबाइलचं दुकान चालवतो आणि टीव्हीवरच्या समालोचकासारखा बोलतो. त्याने 'दर्जा' हा शब्द इतक्यांदा वापरला की शेवटी चहावाल्यानेही तो वापरला. ठराव झाला: तांड्याला दोन डावांच्या सामन्यातून काढावं, आठ षटकांत घ्यावं, आणि योग्य प्रतिस्पर्धी मिळेपर्यंत दसऱ्याचा सामना स्थगित. जिल्ह्यात लाल चेंडू खेळणारा तिसरा संघ नाही, म्हणजे स्थगित याचा अर्थ तुला कळला असेल. मी विचारलं, तांड्याला कुणी विचारलं का? सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी बोकडाला विचारा म्हटलं. अरे, मी उभं आयुष्य कोर्टात स्टेनो म्हणून काढलं. तिथे खुनाच्या आरोपीलाही विचारतात, तुला काही म्हणायचं आहे का.

म्हणून मीच गेले विचारायला. काळ्या-पिवळ्या जीपमधून पुसेगाव, तिथून चिखल तुडवत तांडा. अन्यायावर एक उत्तम भाषण तयार केलं होतं. पोचले तर सगळा संघ सोयाबीनच्या मळणीला जुंपलेला. मशीन धडधडत होतं आणि मी त्याच्याशेजारी उभी राहून न्याय, हक्क, स्वाभिमान असं ओरडत होते. त्यांना वाटलं, माझं काही हरवलंय. वसरामच्या आईने, नीलाबाईने, मशीन बंद करवलं, मला चहा दिला आणि मुलाला म्हणाली, "सांग बाईला खरं काय ते. म्हातारं माणूस चिखलातून आलं."

वसराम खाली बघून म्हणाला, "बाई, तुमच्या सायबाच्या तोंडाकडं पाहून आमी येत होतो. दसऱ्याला सोयाबीन काढून राहिलो असतो आमी. मशीन आज मिळालं तर मिळालं, मंग आठ दिस न्हाई. म्हणून उचलून मारायचं अन् घरी यायचं."

मी विचारलं, सगळेच? तो प्रामाणिक माणूस आहे, त्याने विचार केला. "न्हाई. पाच-सहा जण घाईनं आउट व्हतेत. बाकीच्यायला येतच न्हाई."

नीलाबाई म्हणाली, "दोन दिस हा तिकडं उभा ऱ्हायला तर इथं मळणी कोन करील, तुमी?" भाषण मी तिथेच गुंडाळलं. (तू हजर असतास तर पेढे वाटले असतेस.)

इतकी वर्षं सामना दसऱ्याला, कारण गावातल्या कारकुनांना तेव्हा सुट्टी. ज्यांचं पीक शेतात उभं, त्यांना आम्ही आमच्या सोयीने, आमच्या मैदानावर बोलावलं, हरवलं आणि मग दर्जा मोजला. तुझ्या मोठ्या देशांचं काही वेगळं चालतं असं मला वाटत नाही. पण वाईट याचं वाटलं की तांड्याला ठराव आवडला. आठ षटकं, दुपारी घरी. मी न्याय मागायला गेले होते. येताना माझ्याकडे पक्षकारच नव्हता. यंदाच्या पावसाने अर्ध्या शेंगा काळ्या पडल्या आहेत, त्या ढिगाकडे बघत जीपपर्यंत आले. तेव्हा तुझंच बरोबर असेल. दुबळ्यांनी जावं. माझं म्हणणं संपलं.

तुझी
ताई

ता. क. : अगदीच संपलं नाही. जीप निघताना वसराम खिडकीशी आला. हरभरा पेरून झाला की नाताळात तांडा दोन दिवस मोकळा आहे, पुरे अकरा येतील. पण क्लबशी नाही. "एकडाव जितायचं हाय बाई. मंग काढा न्हाईतर ठिवा." त्यांना हरवता येईल असा संघ मी आणते, असं बोलून बसले आहे.

दुसरा ता. क. : सकाळी तुझ्यासोबत बागेत फिरणारे ते लोक अकरा भरतात ना? पांढऱ्या पँटी आणा. गाद्यांची सोय माझ्याकडे. पुण्याचा नामांकित संघ येतोय असं मी तांड्याला सांगितलं आहे, तेव्हा सराव करू नका.

तिसरा ता. क. : मात्र दुसरा दिवस मला पूर्ण हवा आहे. हळूहळू हरा. आणि तुमच्यात कुणाला खरंच खेळता येत असेल, तर त्याला घरीच ठेव.